शून्य-एकच्या रांगेतून निरोप कसा काढायचा

०१०११००१ ०११००१०१ ००१००००० ००११०१११

चार गट, बत्तीस आकडे. असं काहीतरी कुणी कोडं म्हणून पाठवतं, कधी एखाद्या खेळात पुढचं दार उघडायची किल्ली म्हणून येतं, कधी नुसतंच टी-शर्टवर छापलेलं दिसतं. ते सोडवून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर ढिगानं आहेत. रांग त्यात चिकटवली की उत्तर समोर. मग हातानं सोडवायची खटपट कशाला? कारण कन्व्हर्टर एकच गोष्ट गृहीत धरून चालतो. ते गृहीत चुकलं की तो एक तर कचरा ओकतो, नाहीतर गप्प बसतो. या रांगेला कोणता नियम लावायचा हे ठरवणं हेच डिकोडिंगमधलं खरं काम आहे. उरते ती बेरीज, आणि ती तिसरी-चौथीतल्या मुलालाही येते.

चौकटीचा कागद आणि पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर असला तर बरं, नसला तरी अडत नाही.

पायरी पहिली : आठ घरांची किंमत

प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट. आठ बिटांचा एक बाइट. आपल्या नेहमीच्या आकड्यांत उजवीकडून एकं, दहं, शतं अशी घरं असतात आणि प्रत्येक घराची किंमत आधीच्या दसपट. बायनरीत ती दुप्पट होते, एवढाच फरक. कागदावर आठ घरं आखा आणि डोक्यावर हे लिहा:

१२८ ६४ ३२ १६ ८ ४ २ १

आता पहिला गट घरांत बसवा: ० १ ० १ १ ० ० १. जिथं एक आहे ती किंमत घ्यायची, जिथं शून्य आहे ती सोडायची. ६४, १६, ८ आणि १. बेरीज ८९. झालं. आठही घरांत शून्य असेल तर ०, आठही घरांत एक असेल तर २५५. म्हणजे एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या गोष्टी मावतात.

दोनच चिन्हांवर भागवायचं कारण यंत्राच्या सोयीत आहे. तारेतला विजेचा दाब थोडा कमी-जास्त होतच राहतो. दहा पातळ्या ओळखायच्या म्हटल्या तर शेजारशेजारच्या पातळ्यांची गल्लत होणार. ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढंच ओळखायचं असेल तर मध्ये भरपूर मोकळी जागा राहते आणि चूक होणं अवघड होतं. गणित म्हणून हे सगळं संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. लायब्निट्झ यांचा द्विमान अंकगणितावरचा निबंध १७०३ सालचा. मराठी शाळेत ज्यांनी वृत्तं पाठ केली, त्यांनीही हे नकळत केलेलंच आहे: लघु आणि गुरू असे दोन पर्याय, तीन जागा, म्हणून गण बरोबर आठ. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र त्याहून चलाख आहे. त्यातली ओळीनं येणारी कुठलीही तीन अक्षरं उचला, एक गण मिळतो. आठही गण येतात आणि एकही दोनदा येत नाही. तीन बिटांच्या आठ जोडण्या दहा जागांत बसवायची ही युक्ती आजही संगणकाच्या वर्गात वेगळ्या नावानं शिकवतात.

पायरी दुसरी : आकड्यावरून अक्षर

८९ म्हणजे काय? नुसतं ८९. अक्षर व्हायला कुणीतरी ‘८९ म्हणजे अमुक अक्षर’ असं आधी ठरवलेलं हवं. इंग्रजीसाठी तो तक्ता म्हणजे आस्की. १९६३ साली तो अमेरिकेत पहिल्यांदा प्रसिद्ध झाला आणि १९६७ च्या सुधारणेत आज वापरतो तसा बसला. त्यात सातच बिट आहेत, म्हणजे १२८ जागा. बाइटमधला डावीकडचा आठवा बिट शून्यच राहतो.

तक्ता पाठ करत बसू नका. तो करणाऱ्यांनी हातानं वाचणाऱ्याची चांगली सोय करून ठेवली आहे. बाइटचे पहिले तीन बिट बघा:

०१० : कॅपिटल अक्षर
०११ : स्मॉल अक्षर
००१ : अंक, विरामचिन्हं किंवा मोकळी जागा
००० : न दिसणाऱ्या सूचना, उदाहरणार्थ नवी ओळ

यातल्या पहिल्या दोन प्रकारांत अक्षरांच्या मागेपुढे काही चिन्हंही घुसवलेली आहेत, पण मजकुरात ती क्वचित येतात. तीन बिटांनंतर उरलेले पाच बिट म्हणजे त्या अक्षराचा बाराखडीतला नव्हे, एबीसीडीतला क्रमांक. म्हणजे पहिला गट: ०१० वरून कॅपिटल, आणि ११००१ म्हणजे १६ + ८ + १ = २५. पंचविसावं अक्षर वाय. दुसरा गट ०११ वरून स्मॉल, ००१०१ म्हणजे ५, पाचवं अक्षर ई. तिसरा गट ००१००००० हा एकदा बघितला की विसरत नाही: ही मोकळी जागा, तिचा आकडा ३२. चौथा गट ००११ नं सुरू होतो. असं असेल तर तो बहुतेक अंक असतो आणि शेवटचे चार बिट म्हणजे तो अंक. ०१११ म्हणजे ७.

वाय, ई, जागा, सात. इंग्रजी लिपीत टंकलेलं मराठी आहे हे: ‘ये ७’. सात वाजता ये.

कॅपिटल आणि स्मॉल यांत फरक फक्त एका बिटाचा, ३२ किमतीच्या घराचा. कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७. तो एक बिट उलटवला की अक्षर लहानाचं मोठं होतं. या तक्त्यातली माझी आवडती नोंद मात्र शेवटची आहे: १२७, ‘खोडलं’. सातच्या सात बिट एक. पूर्वी निरोप कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवत. भोक एकदा पडलं की बुजवता येत नाही, पण सगळीच भोकं पाडून आधीचं अक्षर नक्कीच मारता येतं. म्हणून खोडण्याचा संकेत म्हणजे सगळीकडे एक. कागदी पट्ट्या गेल्या, नोंद राहिली.

पायरी तिसरी : देवनागरी आली की

आता त्या निरोपाला आलेलं उत्तर:

१११००००० १०१००१०० १०१११००१
१११००००० १०१००१०१ १०००१०११

वरची युक्ती इथं लावून बघा. प्रत्येक बाइट एकनं सुरू होतो, म्हणजे आस्की नाही. १२८ जागांच्या तक्त्यात देवनागरीला जागाच नव्हती. चिनी, अरबी, रशियन कुणालाच नव्हती. मग अनेक देशांनी वरच्या रिकाम्या १२८ जागांत आपापली अक्षरं बसवली. भारताचा इस्की तक्ता असाच तयार झाला. परिणाम असा की तोच बाइट एका संगणकावर एक अक्षर दाखवी, दुसऱ्यावर भलतंच. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला एकच कायमचा क्रमांक द्यायचं काम सुरू झालं. देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक मिळाले. मोजून पाहा, इथंही १२८ च घरं.

पण २३६१ सारखा आकडा एका बाइटमध्ये मावत नाही. तो अनेक बाइटमध्ये कसा विभागायचा याची आज सगळीकडे चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये एका उपाहारगृहात जेवताना टेबलावरच्या कागदावर तिची मांडणी केली. मांडणी इतकी नेटकी आहे की ती पेन्सिलीनं उलगडता येते:

बाइट ० नं सुरू झाला तर ते साधं आस्की अक्षर.
११० नं सुरू झाला तर अक्षर दोन बाइटचं.
१११० नं सुरू झाला तर तीन बाइटचं.
११११० नं सुरू झाला तर चार बाइटचं. इमोजी बहुतेक इथं सापडतात.
१० नं सुरू होणारा बाइट म्हणजे आधीच्या अक्षराचा उरलेला भाग.

उत्तरातली पहिली ओळ घ्या. सुरुवातीच्या खुणा पुसून टाका: पहिल्या बाइटमधून १११०, पुढच्या दोन्हींतून १०. उरलं काय? ००००, १००१००, १११००१. सलग लिहा: ००००१००१००१११००१. घरांच्या किमती आता डावीकडे ३२७६८ पर्यंत जातात. एक कुठं कुठं आहेत? २०४८, २५६, ३२, १६, ८, १. बेरीज २३६१. युनिकोडमध्ये हा ‘ह’. दुसऱ्या ओळीतून ००००१००१०१००१०११ निघतं, म्हणजे २३७९, आणि हा आहे ओकाराचा काना-मात्रा, ‘ो’. दोन्ही मिळून ‘हो’.

डोळ्यांना एक अक्षर दिसतं, संगणकाच्या दृष्टीनं दोन चिन्हं आणि सहा बाइट. ‘क्षमा’ घेतलं तर क, हलन्त, ष, म, काना अशी पाच चिन्हं, पंधरा बाइट. क्ष आणि ज्ञ यांना युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक नाही, ते जोडाक्षर म्हणूनच राहतात. एसएमएसची मर्यादा मराठीत इतक्या लवकर का संपते याचं उत्तरही बिटांतच आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला तिथं सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट, म्हणून ७०. त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे धरायचे.

हातानं सोडवताना एवढी मोठी बेरीज करायची गरज नसते. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी १११००००० असतो आणि दुसरा दोनपैकी एक: १०१००१०० किंवा १०१००१०१. म्हणून फक्त तिसऱ्या बाइटचे शेवटचे सहा बिट वाचा आणि दुसरा बाइट एकनं संपत असेल तर त्यात ६४ मिळवा. येणारा आकडा म्हणजे देवनागरीच्या १२८ घरांतला घर क्रमांक. ‘ह’ साठी १११००१ म्हणजे ५७. ‘ो’ साठी ००१०११ म्हणजे ११, अधिक ६४, म्हणजे ७५.

घरांची यादी आपल्या वर्णमालेच्याच क्रमानं आहे. अनुस्वार २, अ ५, आ ६, इ ७, ई ८, उ ९, ऊ १०, ए १५, ऐ १६, ओ १९, औ २०. क २१ पासून ओळीनं न ४० पर्यंत. मग एक घर सोडून प ४२, फ ४३, ब ४४, भ ४५, म ४६, य ४७, र ४८. पुढे ल ५०, ळ ५१, व ५३, श ५४, ष ५५, स ५६, ह ५७. काना ६२, पहिली वेलांटी ६३, दुसरी ६४, पहिला उकार ६५, दुसरा ६६, एक मात्रा ७१, दोन मात्रा ७२, काना-मात्रा ७५, हलन्त ७७. देवनागरी अंक १०२ ते १११.

व्यंजनांमध्ये सोडलेली घरं रिकामी नाहीत. ती इतर भाषांच्या उच्चारांसाठी ठेवलेली अक्षरं आहेत, आणि त्यातलं एक मराठीनं चांगलंच वापरलं: ४९ क्रमांकाचा नुक्ता, म्हणजे खाली टिंब, असलेला ऱ. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला तो अर्धचंद्र रफार टंकायचा तर आत बहुधा हाच ऱ असतो. ळ मात्र आपल्या सवयीप्रमाणे ह नंतर न येता ल च्या शेजारी बसला आहे. हातानं वाचताना इथं हमखास घोटाळा होतो.

बिघडलेलं मराठी ओळखायचं कसं

हे सगळं कळलं की रोज दिसणाऱ्या काही कचऱ्याचा अर्थ लागायला लागतो. मराठी विकिपीडियावरचा दुवा कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ येते आणि त्यात ‘ई०’, ‘ए४’ सारखं पुन्हा पुन्हा दिसतं. हेक्समध्ये लिहिलेले तेच बाइट आहेत ते. हेक्स म्हणजे चार-चार बिटांना एक चिन्ह: ० ते ९ आणि पुढे १० ते १५ साठी इंग्रजी ए ते एफ. १११० म्हणजे १४, म्हणून ई. ०००० म्हणजे ०. १०१० म्हणजे ए, ०१०० म्हणजे ४. टक्क्याची खूण फक्त ‘पुढे हेक्स आहे’ एवढं सांगते.

दुसरा प्रकार जुन्या ईमेलमध्ये किंवा कुठल्याशा एक्सेल फाइलमध्ये भेटतो. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, त्याच्यामागे चार कोपऱ्यांना चार रेघा असलेलं लहानसं गोल, मधूनमधून जपानी येनची खूण. बाइट शाबूत आहेत, वाचणाऱ्यानं तक्ता चुकीचा लावला आहे. युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्यात २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ म्हणजे ते गोल, १६५ म्हणजे येन. आणि १६४, १६५ म्हणजे आपलेच दुसऱ्या जागेवरचे दोन बाइट. पहिल्या वेलांटीपर्यंतची चिन्हं १६४ कडे, दुसऱ्या वेलांटीपासून पुढची १६५ कडे. अशी फाइल फेकून देऊ नका. उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडलं की ती बहुधा सरळ होते. फक्त त्या अवस्थेत ती पुन्हा सेव्ह करू नका.

चौकोनी डबे दिसत असतील तर मजकूर ठीक आहे, तुमच्याकडे फॉन्ट नाही. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर मात्र आशा सोडा. कुठल्यातरी प्रोग्रॅमनं न कळलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच ६३ हा आकडा लिहून टाकला आहे, आणि त्या ६३ मधून मूळ अक्षर परत काढता येत नाही. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर हे आणखी वेगळं प्रकरण. तिथं बाइट इंग्रजीचेच असतात, मराठीपण फक्त फॉन्टच्या चित्रांत असतं. फॉन्ट बदलला की उरतं ते निरर्थक इंग्रजी. त्याला त्या-त्या फॉन्टचा खास कन्व्हर्टरच लागतो.

ईमेलचा कच्चा मजकूर उघडून पाहिलात तर तिसराही वेश दिसेल: अक्षरं आणि अंकांची सलग भिंत, शेवटी कधी बरोबरची एक-दोन चिन्हं. हे बेस६४. इथं बिटांचे गट सहा-सहाचे असतात आणि प्रत्येक गटाला ६४ पैकी एक चिन्ह. त्यात मराठी असेल तर सुरुवात बहुतेक ‘४’, ‘के’, ‘एस’ या तीन चिन्हांनी होते, कारण १११००००० १०१००१०० आणि पुढचा १० यांचे सहा-सहाचे गट पाडले की तेच निघतं. स्वतः पाडून बघा: ५६, १०, १८.

पायरी चौथी : आठनं भाग जात नसेल तर

एकूण बिट मोजा. हे सगळ्यात आधी करायचं असतं, पण नवीन माणूस हमखास विसरतो. आठनं भाग गेला तर आस्की किंवा यूटीएफ-८ ची शक्यता दाट. सातनं गेला तर डावीकडचं शून्य गाळलेलं आस्की. पाचनं गेला तर तारायंत्रांच्या काळातले पाच बिटांचे संकेत. एमिल बोदो यांनी १८७० च्या दशकात तसली पद्धत काढली होती. कोडी घालणाऱ्यांना पाच बिट आवडतातच, कारण ३२ जागांत २६ अक्षरं आरामात बसतात. पाच बिटांचा आकडा २६ च्या वर कधीच जात नसेल तर ए म्हणजे १, बी म्हणजे २ असं लावून बघा.

हाच साधा नियम एकदा मंगळावर जाऊन आला. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर उतरली, तेव्हा तिच्या पॅराशूटवर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची विचित्र नक्षी होती. उतरतानाची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि काही तासांतच हौशी लोकांनी ती सोडवली. पट्ट्या म्हणजे बिट, पण गट आठचे नव्हते, दहा-दहाचे होते. ०००००००१०० म्हणजे ४, म्हणजे डी. आतल्या वर्तुळांत ‘डेअर मायटी थिंग्ज’ हे शब्द आणि सगळ्यात बाहेरच्या वर्तुळात जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे अक्षांश-रेखांश. आठचे गट पाडणारा कुठलाही कन्व्हर्टर इथं उताणा पडला असता.

आणि कधी कधी त्यात अक्षरंच नसतात. हे ३५ बिट घ्या:

००१०००१११०१०१०१००१००००१००००१००००१००

३५ म्हणजे ५ गुणिले ७, दोन्ही मूळ संख्या. असं दिसलं की चित्राचा संशय घ्यायचा. सात-सातच्या ओळी पाडल्या तर नुसता गोंधळ दिसतो. पाच-पाचच्या पाडा:

००१००
०१११०
१०१०१
००१००
००१००
००१००
००१००

एक असलेली घरं काळी करा. वर रोखलेला बाण. १६ नोव्हेंबर १९७४ ला आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून एम१३ या तारकागुच्छाकडे असाच निरोप पाठवला होता. फ्रँक ड्रेक आणि सहकाऱ्यांनी त्यात १६७९ बिट ठेवले, कारण १६७९ चे अवयव २३ आणि ७३ एवढेच. वाचणाऱ्याला आपली भाषा येत नाही, तक्ता माहीत नाही, हे धरून चालायचं होतं. म्हणून निदान चौकट कशी पाडायची हे तरी आकड्यातच सुचवलं. बरोबर पाडली की एक ते दहा आकडे, डीएनएचा गोफ, माणसाची आकृती, सूर्यमाला आणि दुर्बीण असं चित्र उमटतं. तारकागुच्छ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं दूर आहे, तेव्हा उत्तराची घाई नाही.

तरीही काही लागत नसेल तर या क्रमानं प्रयत्न करा. आधी शून्य-एकची अदलाबदल, मग प्रत्येक गट उलटा वाचणं, मग सबंध रांग उलटी वाचणं, मग सुरुवातीचे एक, दोन, तीन बिट सोडून गट पाडणं. कॉपी करताना टोकाचा एखादा बिट गळणं हे फार नेहमीचं आहे. यूटीएफ-८ असेल तर सापडायला सोपं: देवनागरीत १११०००००१०१००१० हा तुकडा दर २४ बिटांनी परत येतो. तो रांगेत कुठंही दिसला की तिथून गट पाडायला सुरुवात करा, मागचं जुळतं का ते नंतर बघा.

अक्षर आणि चित्र सोडून इतर काही

संगणकातले बहुसंख्य बिट निरोप नसतातच. रंग असतो: लाल, हिरवा, निळा यांना एकेक बाइट, म्हणून १,६७,७७,२१६ छटा. आवाज असतो: सीडीवर एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाजाची उंची मोजून प्रत्येक मोजमाप सोळा बिटांत लिहिलेलं असतं. फाइल कसली आहे ते तिचे पहिले काही बाइटच सांगतात. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याची खूण आणि ‘पीडीएफ’ ही अक्षरं आस्कीतच लिहिलेली असतात. झिप फाइल ‘पीके’ नं सुरू होते, ती रीत काढणारे फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची डॉकएक्स फाइलसुद्धा ‘पीके’ नंच सुरू होते, कारण ती आतून झिपच आहे. फाइलच्या नावाची शेपटी बदलून कुणी काही लपवलं असेल तर इथं उघडं पडतं.

संख्यांचं प्रकरण थोडं खाचखळग्याचं. आपल्या ओळखीचा १११००००० साधी संख्या म्हणून वाचला तर २२४. पण ऋण संख्या चालणाऱ्या प्रकारात डावीकडचं घर +१२८ ऐवजी −१२८ धरतात, आणि तोच बाइट −३२ होतो. किती घरं आहेत हे विसरलं की काय होतं ते ४ जून १९९६ ला एरियन-५ रॉकेटनं दाखवलं. ६४ बिटांतली एक मोठी किंमत सोळा बिटांच्या घरात कोंबायचा प्रयत्न झाला, ती मावली नाही, आणि रॉकेट मिनिटभराच्या आत फुटलं. जुन्या प्रणालींत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. ती घरं १९ जानेवारी २०३८ ला भरतील. ०.१ आणि ०.२ ची बेरीज संगणकानं ०.३०००००००००००००००४ दाखवली तर तो बिघाड नव्हे. एकतृतीयांश आपल्याला दशांशात पुरता लिहिता येत नाही, तसा एकदशांश बायनरीत पुरता लिहिता येत नाही.

विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड आहे. त्यात बायनरी, दशमान आणि हेक्स एकाखाली एक दिसतात. बेरजेचा कंटाळा आला की तो उघडा, पण गट पाडायचं काम तुमचंच.

सरावासाठी ७५ बिट देतो. आठनं भाग जात नाही, सातनं जात नाही, आणि ओळींची लांबी फक्त छापायच्या सोयीची आहे. तिचा अर्थ लावू नका. वरची घरांची यादी पुरेशी आहे.

०१०१११०००००१०१००१००१००११०
१११११०००००१०१००१००१०१११११
०१११०००००१०१००१००१०१०१०००